रेजिनाचा आग्रह

"इथे ठेवू?" नेल्सनने विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत ते अर्धं उभं कापलेलं लोखंडी पिंप माझ्या कढीलिंबाच्या कुंडीला खेटून टेकवलंसुद्धा.

"जरा पलीकडे घ्याल का?" मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं. तो कढीलिंब मी पुण्याहून बी आणून लावलेला. नऊ हिवाळे त्याला रोज संध्याकाळी उचलून न्हाणीघरात ठेवलंय आणि सकाळी बाहेर काढलंय. जपानातल्या या कोबेच्या थंडीत कढीलिंब जगवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

नेल्सनने हसत हसत पिंप वीतभर सरकवलं. मागोमाग त्याची बायको रेजिना आली. एका हातात हातभर लांब सळ्यांचा भारा, दुसऱ्या हातात जाड्या मिठाची पिशवी. मग कोळशाची दोन खोकी आली, बर्फाच्या पेटीतून आठ किलो बीफ आलं आणि सगळ्यात शेवटी एक छोटी मातीची शेगडी आली. एवढं मोठं पिंप असताना ही आणखी शेगडी कशाला, असं माझ्या मनात आलं. पण विचारलं नाही. आपल्या अंगणात दुसऱ्याचं कार्य असलं की विचारायचं नसतं, नुसतं हसायचं असतं. रेजिनाने ती शेगडी पिंपापासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीजवळ मांडली. म्हणजे आता तीही जागा गेली.

ऑक्टोबरातला दुसरा रविवार होता तो. गेली दहा वर्षं हा रविवार माझा होता. आमच्या आळीचं मंडळ, त्याला इथे चोनाईकाई म्हणतात, कचऱ्याच्या वारांपासून उन्हाळी जत्रेपर्यंत सगळं ठरवतं. त्या मंडळातल्या वीसेक बायका या दिवशी माझ्याकडे जेवायला यायच्या. मंडळाच्या वर्षाच्या पत्रकात तसं छापलेलंच असायचं, 'शुभा-सानची करी', गटारं साफ करायची तारीख आणि आगीची कवायत यांच्या मधोमध. आळीत परदेशी अशी मी एकटीच. परदेशी म्हटलं की शुभा-सान आणि शुभा-सान म्हटलं की करी. यापलीकडे मला इथे फारशी ओळख नव्हती. पण होती ती माझी होती.

मग गेल्या वर्षी वरच्या सरकारी इमारतीत रेजिना राहायला आली. आली ब्राझीलहून, पण चेहरा अस्सल जपानी. तिचे आजी-आजोबा साठ-पासष्ट वर्षांपूर्वी याच कोबेच्या बंदरातून बोटीने कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. आता नात उलटी इकडे आली, नवऱ्यासकट, डबे भरायच्या कारखान्यात. तिची भाषा पोर्तुगीज. जपानी येत होतं ते फक्त आजीकडून उचललेलं, आणि आजी कुमामोतोकडच्या कुठल्याशा खेड्यातली. आपल्याकडे कुणी ब्राझीलच्या विमानातून उतरावं आणि थेट सातारी बोलीत "या की वं, बसा की" म्हणावं, तसं ऐकू यायचं ते. क्रियापदं मोडलेली, मान-मर्यादेचे शब्द गायब. आणि आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या ते ऐकून टाळ्या वाजवायच्या.

माझं जपानी शुद्ध आहे. सांगताना लाज कशाला वाटायला हवी? चौदा वर्षं घासून घासून शुद्ध केलंय. सासूबाईंना लावायची क्रियापदं वेगळी, भाजीवाल्याला वेगळी, कधी चुकले नाही. पण दर महिन्याला कुणीतरी भेटतंच, जे डोळे मोठे करून म्हणतं, "अय्या, जपानी किती छान बोलता!" चौदा वर्षांनंतरही. रेजिनाला असं कुणी म्हणत नव्हतं. तिला चुका दाखवायचे. "असं नाही गं, असं म्हण," म्हणून तिच्या पाठीत चापट मारायचे. कौतुक पाहुण्याचं करतात, चुका घरच्याच्या काढतात. हे माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं. उगाच आडवळणाने कशाला सांगू? मी जळत होते.

तसा दोष शोधणं हा माझा धंदाच आहे. कितानोच्या चढावर एका मोत्यांच्या पेढीत मी आठवड्यातले चार दिवस मोती निवडायला जाते. उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसायचं, तांदूळ निवडावेत तसे पांढऱ्या कापडावर मोती पसरायचे आणि डाग, खड्डा, पिवळी झाक असलेला बाजूला काढायचा. दिवसभर हेच केलं की नजर तशीच होते. रेजिनाकडे मी त्याच नजरेने बघायचे. हसताना हिरड्या दिसतात. चपला घरात काढते त्या उलट्या. कचऱ्यात बाटल्यांची झाकणं वेगळी करत नाही. सगळे डाग मला दिसत होते आणि लोकांना दिसत नव्हते.

जूनमध्ये ओढ्याकाठची सफाई झाली तेव्हा हे दोघं पिंप घेऊन आले आणि सगळ्या आळीला सळ्यांवर भाजलेलं मांस खिलवलं. ब्राझीलमध्ये म्हणे रविवारी असंच करतात, शेजारपाजार गोळा करून. त्यानंतर चार महिने मी तेच ऐकत होते.

सप्टेंबरात निशिमुरा-सान मिठाईचा खोका घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष, वय चौऱ्याहत्तर. पावणेतीन वर्षांपूर्वीच्या भूकंपात त्यांचं घर गेलं आणि यजमानही गेले. तेव्हापासून त्या स्टेशनमागच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. जपानी माणूस विनाकारण मिठाईचा खोका घेऊन आला की समजावं, काहीतरी काढून घ्यायला आलाय.

"दरवर्षी तुम्हाला किती त्रास देतो आम्ही," त्या म्हणाल्या. "यंदा तुम्ही जरा आराम करा."

"त्रास कसला?"

"रेजिना-सान म्हणते, ती करेल. पण त्यांच्या इमारतीत विस्तव लावायची परवानगी नाही. आणि आळीत अंगण असलेलं घर आता तुमचंच." त्यांनी मान खाली घातली. "बीफ असेल, म्हणजे तुम्हाला चालत असेल तर."

मला चालत नव्हतं. चौदा वर्षांत माझ्या गॅसवर बीफ चढलं नव्हतं. माझा नवरा तेत्सुओ बाहेर खातो आणि घरी येऊन चूळ भरतो, असं आमचं लग्नाआधीच ठरलंय. मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण माझं जपानी शुद्ध आहे ना! शुद्ध जपानीत समोरच्याला 'नाही' म्हणता येत नाही. मी म्हटलं, "अंगणच आहे, घरात थोडंच आहे? जरूर या."

आठवड्यापूर्वी रेजिना ठरवाठरवीला आली. कागदावर चित्रं काढून तिने पिंप कुठे, टेबल कुठे ते दाखवलं. मग खिशातून एक चुरगळलेला शब्दकोश काढला.

तिचं बोलणं माझ्या कानाला जसं ऐकू येतं तसंच सांगते. "शुभा-सान, येक इचारू का? मान्सं जेवताना 'केक्को देस' म्हनत्यात. पुस्तकात लिवलंय, 'उत्तम, छान'. बाचान बी म्हनायची, केक्को, केक्को. बरोबर हाय न्हवं?" बाचान म्हणजे तिची आजी.

इथे मला थांबून एक सांगायला हवं. 'केक्को' म्हणजे उत्तम, हे खरंच आहे. पण वाढणाऱ्यासमोर तळहात आडवा धरून 'केक्को देस' म्हटलं की त्याचा अर्थ होतो, 'पुरे, आता नको'. जपानात नवीन आलेला प्रत्येक जण इथे एकदा आपटतो. मीही आपटले होते. पहिल्याच वर्षी सासूबाई जेवायला आल्या होत्या. मी वरणभात केला होता. त्यांनी हात आडवा धरला, म्हणाल्या, "केक्को देस." मी खूश! उत्तम म्हणतायत! आणखी एक डाव वाढला. पुन्हा केक्को, पुन्हा डाव. असं तीनदा. ताटात टाकायचं नाही म्हणून त्या माउलीने सगळं संपवलं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढले. तेत्सुओने मला अर्थ सांगितला तेव्हा तो पोट धरून हसत होता. मी हसले नाही.

आमच्या घरी आग्रह ही मोठी गोष्ट होती. वडील पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरायला लागले की लोक पानावर आडवे व्हायचे. आई मला वाढायला पाठवताना बजावायची, "पाहुण्याच्या तोंडाकडे बघू नकोस, पानाकडे बघ." त्या वरणभातानंतर मी आग्रह सोडला. एकदा विचारायचं, केक्को म्हटलं की डाव खाली. चौदा वर्षं मी लोकांच्या तोंडाकडेच बघत आलेय.

तर रेजिना शब्दकोश उघडून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो, बरोबर. केक्को म्हणजे उत्तम."

पुढचं अर्धं सांगितलं नाही. विसरले नव्हते, मुद्दाम सांगितलं नाही. तिने केक्को ऐकून वाढत सुटावं, म्हाताऱ्यांची पोटं बिघडावीत आणि पुढच्या वर्षीच्या पत्रकात पुन्हा 'शुभा-सानची करी' छापून यावं, एवढंच मला हवं होतं.

शनिवारी कल्पनाचा फोन आला. ही फुनाबोरीची, तोक्योतली. नवरा सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, जेमतेम वर्ष झालंय. मराठी बोलायला मला तेवढाच एक फोन.

"झाली का उद्याची तयारी, शुभाताई?"

"माझी कसली तयारी? मी जागा देणारी. मंगल कार्यालय समज." आणि मग राहवेना म्हणून मी तिला केक्कोची गोष्ट सांगून टाकली. मला वाटलं ती हसेल.

ती हसली नाही. "अहो, पण मला तर तुम्ही पहिल्याच फोनवर सांगितलं होतंत. कचऱ्याचे वार, स्टेशनचं कुठलं गेट आणि केक्को देस. मी डायरीत लिहून ठेवलंय."

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

"ती कशी काय?"

मी तोक्योच्या हवेची चौकशी सुरू केली.

"शुभाताई, रागावू नका हं," कल्पना म्हणाली, "पण तुम्ही जळताय तिच्यावर. आज संध्याकाळी सांगून टाका. अजून टाइम आहे."

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी मी रेजिनाकडे गेले नाही. मोठं पातेलं काढून वीस माणसांची कोंबडीची करी केली. कुणी सांगितली नव्हती. असू दे, लागेल, असं स्वतःशी म्हणत केली.

रविवारी बारा वाजता सगळे जमले. पिंपातले कोळसे लाल झाले होते. नेल्सन सळ्या फिरवत होता, चरबीचे थेंब पडून चुर्र आवाज येत होता आणि मी हे कबूल करते की वास भलताच चांगला सुटला होता. तेत्सुओ तर सकाळपासून पंखा घेऊन पिंपाशीच उभा. चौदा वर्षं जे घरात मिळालं नाही ते दारात चालून आल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला त्या दिवशी दिसलं. आमची बारा वर्षांची मुलगी स्वराली कागदी ताटल्या वाटत होती. तिचं नाव आळीत कुणाला म्हणता येत नाही, सगळे तिला रारी-चान म्हणतात. ती रेजिनाच्या मागे मागे होती. माझ्या करीच्या रविवारी ती वर खोलीत बसून असते.

रेजिना एका हातात सळी उभी धरून, दुसऱ्या हातात सुरी घेऊन फिरायला लागली. प्रत्येकापाशी थांबायची, सळीवरून पातळ काप उतरवायची, ताटलीत टाकायची. दुसऱ्या फेरीला निशिमुरा-साननी तळहात आडवा धरला.

"केक्को देस."

मी पायरीवरून बघत होते. श्वास रोखून म्हटलं तरी चालेल.

"केक्को! अरिगातो!" उत्तम, आभार, असं रेजिना ओरडली, कमरेत वाकली आणि त्यांच्या ताटलीत आणखी दोन काप टाकले.

निशिमुरा-सानचे डोळे विस्फारले. शेजारच्या बाईने तोंडावर हात घेतला. आता, मी मनात म्हटलं. आता कपाळाला आठी पडेल. पण त्यांनी ते काप खाल्ले. रेजिना पुन्हा आली. पुन्हा तळहात, पुन्हा "केक्को देस", या वेळी जरा घाबरत. "केक्को! अरिगातो!" पुन्हा दोन काप. आणि निशिमुरा-सान हसल्या. मी त्यांना दहा वर्षं ओळखते. हसताना त्या नेहमी तोंडावर रुमाल धरतात. आज रुमाल मांडीवरच राहिला.

मग ती एक गंमतच झाली. सगळ्या बायका मुद्दाम हात आडवा धरून केक्को म्हणायला लागल्या. रेजिना धावत यायची. "खावा की! वाळून काटकी झालायसा!" अंगणभर हशा. कुणाचं पोट बिघडलं नाही, कुणाची पत गेली नाही. एकीने तर ताटली दोन्ही हातांनी पुढे केली आणि ओरडली, "रेजिना, केक्को! केक्को!"

आणि मग निशिमुरा-सान शेजारणीला म्हणाल्या, हळू आवाजात, पण मी पायरीवरच होते, मला ऐकू आलं. "भूकंपानंतर मला कुणी 'अजून घ्या' म्हटलं नव्हतं. एकटीचं जेवण काय, दुकानातला भाताचा गोळा. दोन घेतले तर एक उरतो."

ते वाक्य माझं होतं. ते माझ्या करीला मिळायला हवं होतं. दहा वर्षं ती बाई माझ्या टेबलाशी बसली होती. भूकंपानंतरचे तीन ऑक्टोबर मोजले तर हा तिसरा. मागचे दोन मी तिला मोजून एक डाव वाढला, एकदा विचारलं आणि केक्को म्हणाल्यावर डाव खाली ठेवला. जिच्या बापाच्या आग्रहाला गाव घाबरायचं ती मी! आणि आता ही कालची आलेली बाई माझ्या अंगणात, माझ्या माहेरची रीत, माझ्याच थापेच्या जोरावर करून दाखवत होती आणि टाळ्या घेत होती. आत पातेल्यात करी गार होत होती. तिची कुणी आठवणही काढली नव्हती.

दोनच्या सुमारास रेजिना पायरीपाशी आली. त्या छोट्या शेगडीवर काहीतरी झाकून ठेवलेलं होतं, ते तिने उघडलं. अननस होता. सोलून, दालचिनी-साखर लावून, कोऱ्या सळीवर लालसर भाजलेला.

"शुभा-सान, ह्ये तुमचं. मांसाला लागलं न्हाई बरं का. शेगडी येगळी, सळी येगळी, सुरी बी येगळी. रारी-चाननं सांगितलं, तुमचा धरम."

तिच्या केसांत राख होती. सकाळपासून ती बसलेली मी पाहिली नव्हती. सगळं मला दिसत होतं. ही शेगडी लांब का मांडली तेही आता कळलं. पण निशिमुरा-सानचं ते वाक्य अजून कानात होतं, आणि माझा हात आपोआप वर गेला.

"केक्को देस," मी म्हटलं.

आणि वाट बघितली. आता ती ओरडेल, "केक्को! अरिगातो!" आणि माझ्या हातातल्या रिकाम्या ताटलीत अननस टाकेल. ते मला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. दुसरं काही नाही, एवढंच हवं होतं.

रेजिना थांबली. सळी तिने खाली घेतली.

"व्हय. समजलं," ती म्हणाली. नीट जपानी पद्धतीने वाकली आणि अननस पुन्हा झाकून निघून गेली.

चार वाजता मंडळी पांगली. निशिमुरा-सान निरोप घ्यायला आल्या. "अंगण दिल्याबद्दल फार फार आभार," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात चांदीच्या कागदाची गरम पुडी होती. "अननस. उरला होता म्हणे, कुणाला नको होता." ती पुडी दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या उतारावरून गेल्या. मी त्या वळेपर्यंत बघत उभी राहिले.

स्वराली मागच्या दारी कचरा वेगळा करत होती. जळणारा एकीकडे, न जळणारा एकीकडे. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, आमचं असंच चालतं.

"स्वरा," मी विचारलं, "रेजिनाला केक्कोचा अर्थ कुणी सांगितला?"

"मी. सकाळीच." ती जपानीत म्हणाली. "तिने विचारलं, रारी-चान, हात असा का करतात? मी सांगितलं, म्हणजे नको."

"आणि तरी ती वाढत होती?"

"ती म्हणाली, माझी आजी पण असंच नको म्हणायची आणि तीन वाट्या खायची. म्हाताऱ्यांचं तोंड वेगळं बोलतं आणि पोट वेगळं. म्हणून मुद्दाम न समजल्यासारखं करत होती. फक्त आईला जबरदस्ती करायची नाही म्हणाली. आईचं नको म्हणजे देवाधर्माचं असतं, ते खरं नको." स्वरालीने एक ताटली दुमडून पिशवीत टाकली. "मग तिने विचारलं, तुझ्या आईने मला अर्धाच अर्थ का सांगितला? मी म्हटलं, विसरली असेल."

मी खाली पडलेली एक ताटली उचलून पिशवीत टाकली.

"विसरली होतीस ना, आई?"

हो म्हणणं फार सोपं होतं. पोरीने उत्तर तयार करून हातात दिलं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिची नजर माझ्यासारखी आहे, बारीक डाग दिसणारी.

"नाही," मी म्हटलं. "विसरले नव्हते."

तिने खाली बघितलं. पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. मग मराठीत म्हणाली, "माहितीये. मी तिला नाही सांगितलं."

महिन्यातून एखादं मराठी वाक्य ती बोलते. त्या महिन्यातलं हे होतं.

स्वयंपाकघरात जाऊन मी पातेलं गॅसवर चढवलं. डोळ्यांना पदर लावावा तर अंगात जुना स्वेटर होता, त्याच्या बाहीला पुसले. बाहेर अंगणातल्या नळापाशी रेजिना उकिडवी बसून सळ्या घासत होती. नेल्सन पिंपातली राख काढत होता. तेत्सुओ जेवला होता, आळी जेवली होती. हे दोघं मात्र दिवसभर उभे होते. वाढपी शेवटी जेवतात आणि त्यांना आग्रह करायला कुणीतरी मागे थांबावं लागतं, हे माझ्या घरात मला शिकवलेलं होतं.

मी दोन ताटल्यांत भात घेतला, पातेलं उचललं आणि चपला न घालताच अंगणात उतरले. स्वराली ताटल्या आणि डाव घेऊन मागे आली. नेल्सनने पातेल्यात डोकावून दोन्ही हात वर केले आणि ताटली घेऊन तिथेच जमिनीवर बसला.

रेजिनाने सळी बाजूला ठेवली. ती उठून उभी राहिली. तिने साबणाचा हात आडवा धरला, अगदी बरोबर, जसा इथे धरतात तसा, बोटं जुळवून. आमच्या आळीने तिला वर्षभर शिकवलेलं जपानी एकदाचं तिला आलं होतं. आवाजही तिचा नव्हता, माझाच होता.

"केक्को देस," ती म्हणाली.

मत्सर गेला होता असं मी म्हणणार नाही. माझी करी तिने खावी, खाऊन काहीतरी म्हणावं, हेही मनात होतंच. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. भाताकडे बघितलं. पातेलं खाली ठेवून स्वरालीच्या हातातून डाव घेतला.

"केक्को!" मी म्हटलं, आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "अरिगातो!"

तिचा हात अजून वरच होता. मी वाढलं, आणि पुन्हा एकदा वाढलं.